जसं आहे तसं पाणी

ग्वाल्हेरात भादव्याचं ऊन पडलं की आमच्या तळ्याला वास सुटतो. पाऊस संपत आलेला असतो, हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडून राहते, आणि पायऱ्यांवर शेवाळ असं चढतं की पाय ठेवला की गेलाच. गणपती बुडवून झालेले असतात. त्यांचे सांगाडे, चमकीची कापडं, नारळाच्या शेंड्या, सगळं वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा होतं, आणि त्यावरून बगळा स्वतःच्या अंगणात फिरावं तसा फिरतो. परवा सकाळी तो वास यंदा पहिल्यांदा खिडकीतून आत आला. मी उठलो आणि गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं.

आक्का म्हणाली, "मघाच उकळलंय की. माठ भरलाय."

"असू दे."

"गॅस काय फुकट येतो?"

"असू दे म्हटलं ना."

आक्का माझी थोरली बहीण. माझी बायको शालन गेली तेव्हा माझ्या जेवणाचे हाल होतील म्हणून मोरारहून वळकटी घेऊन आली, ती राहिलीच. शालन दोन वर्षांपूर्वी भादव्यातच गेली. पडवळ चिरता चिरता पोट धरून उठली, ते पडवळ ताटात तसंच सुकलं. जुलाब, उलट्या, ताप, मग दवाखान्यात सलाईन, आणि मग काही नाही. डॉक्टरनं एवढंच विचारलं, "पानी उबालकर पीते थे?" आम्ही तुरटी फिरवायचो, फडक्यानं गाळायचो. उकळत नव्हतो. इथं कोण उकळतं?

तिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर मळवट भरला. गल्लीतल्या बायका रांगेनं येऊन तिच्या पाया पडल्या. सवाष्ण गेली, भाग्याची, असं मरण सोनं देऊन मिळत नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. एकीनं मला सांगितलं, "भाऊ, रडू नका, त्या जिंकून गेल्या." जिंकून कशी गेली? ती जुलाबानं गेली. शेवटी तिच्यात कूस बदलायची ताकद नव्हती. पण तेवढ्या सगळ्या बायकांत पाणी हा शब्द कुणी काढला नाही, आणि मीही तेव्हा काढला नाही, कारण माझ्याही ध्यानात तो नंतर आला.

ध्यानात आला तो बावडीवरून. आमची गल्ली शहराच्या लष्कर भागात, तळ्याला पाठ लावून बसलेली. तळ्याच्या काठाला एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. बावडीवर मोटर, मोटरीतून पाणी गल्लीच्या टंकीत, टंकीतून घराघरात. सरकारी नळ येतो दिवसाआड, तोही कधी रुसतो, म्हणून बावडीवर सगळ्यांचा जीव. राजाच्या काळातलं पाणी, असं म्हणतात. असेल. पण पावसाळ्यात तळं चढलं की बावडीही चढते, तळं उतरलं की उतरते. दोघांच्या मधली भिंत भोकाभोकांची झाली आहे. म्हणजे तळ्यात जे आहे ते आमच्या माठात आहे. तळ्यात काय आहे ते मी रोज बघत होतो.

मी नगर निगमात पाण्याच्या साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाला, "दादा, ऐसे बोलने से मोटर बंद नहीं होती. जाँच की रिपोर्ट लाओ."

"कौन देगा?"

"जो जाँच करेगा वो देगा."

हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मला रागही धड आला नाही.

गेल्या वर्षीचा भादवा मला आठवतो तो यामुळे. ही गेल्यानंतरचा पहिला भादवा. घरात तिच्या लोणच्याची बरणी तळाला आली होती आणि मी रोज सकाळी तळ्यावर जाऊन बसत होतो, काय करायचं ते न समजता. तिथं एक पोरगी दिसली. रबरी मोजे घालून शेवटच्या पायरीवर उकिडवी बसली होती आणि बाटली पाण्यात उपडी घालत होती. मी ओरडलो, "ए पोरी, सरकशील, मागे हो."

ती वळून म्हणाली, "आजोबा, एक मिनिट. अभी बोलू नका, हात हिलेगा."

तिचं नाव गार्गी. थाटीपुरात राहते, कॉलेजात जंतूंचं शिकते. घरचे मूळचे पुण्याकडचे, दरबारात भिक्षुकी करायचे. मी म्हटलं, "आमचे दरबाराच्या पागेत होते. तुमच्या पणजोबांना मुहूर्त विचारून आमचे पणजोबा लढाईला जायचे."

"मग जिंकायचे?"

"जिंकले असते तर मी टेम्पो चालवला असता का?"

ती हसली. माझी शाळा पाचवीत सुटली आणि पुढचा सगळा जन्म पडाव चौकातल्या अड्ड्यावर टेम्पोच्या धुरात गेला. जंतू हा शब्द मला ठाऊक होता, पण ते मोजता येतात हे ठाऊक नव्हतं. तिनं दाखवलं. बाटली आधी वाफेवर शिजवून साफ केलेली. झाकणाच्या आतल्या अंगाला बोट लावायचं नाही. बाटली उपडी पाण्यात खाली न्यायची, तिथं सरळ करायची, गळ्यापर्यंत भरू द्यायची, वर थोडी हवा सोडायची. मग गार ठेवायची, अंधारात. गोठवायची नाही, तापू द्यायची नाही. तापलं तर जंतू वाढतात, गोठलं तर मरतात, आणि उशीर झाला तर खरं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

"म्हणजे पाणी टिकवायचं," मी म्हटलं.

"टिकवायचं नाही आजोबा. जसं आहे तसं ठेवायचं. अच्छा नहीं करना, खराब नहीं करना."

मी तिला बावडीचं सांगितलं. हिचंही सांगितलं. तिनं मोजे काढले, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली की तिच्या मॅडमना विचारून ती बावडीचं आणि तळ्याचं दोन्ही मोजून लिहून देईल. फक्त कॉलेजात दुपारनंतर पाणी घेत नाहीत, आणि सकाळी तिला परीक्षा असते. म्हणून एका संध्याकाळी बाटल्या भरायच्या, रात्रभर कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पोचवायच्या, असं ठरलं.

फ्रिज माझा. पण फ्रिजवर राज्य आक्काचं.

"तळ्याचं पाणी?" ती म्हणाली. "जिथं लोकांचे दहावे होतात, तिथलं? माझ्या दह्याशेजारी?"

"झाकण घट्ट आहे."

"झाकणाचं मला सांगू नकोस. नैवेद्याचं दूध असतं त्यात."

"एक रात्र, आक्का. शालनसाठी. पाणी बिघडता कामा नये."

शालनचं नाव काढल्यावर तिनं दह्याचं पातेलं उचलून वरच्या कप्प्यात ठेवलं. मी बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आणि झोपलो. सकाळी त्या तिथंच होत्या. दौलतगंजातल्या औषधांच्या दुकानातून इंजेक्शनं येतात तो थर्माकोलचा डबा मागून आणला होता. त्यात बर्फ घातला, बाटल्या फडक्यात गुंडाळून उभ्या केल्या, आणि ई-रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "चाचा, आइसक्रीम है क्या?" मी म्हटलं, "हाँ, तुझे नहीं मिलेगी."

जंतू उगवायला वेळ लागतो. त्यांना जेवण घातलेल्या काचेच्या बशीत पाणी पसरतात, उबेला ठेवतात, आणि एकेका जंतूचा एकेक ठिपका होतो. मग ठिपके मोजायचे. मी निकालाला गेलो तेव्हा गार्गीचा चेहरा विचित्र होता. बश्या कोऱ्या होत्या. बावडीच्याही आणि तळ्याच्याही.

"एकही नाही," ती म्हणाली. "आजोबा, इतकं साफ तर आमच्या लॅबच्या नळाचं पण नसतं."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी जाधव भेटला. जाधव माझ्या बरोबरीचा, शेजारच्या घरात राहतो, मोटरीची किल्ली त्याच्याकडे. पहिल्यापासून त्याचा विरोध. तो म्हणायचा, मोटर बंद झाली तर सून पाण्याला कुठं जाईल, तू देणार आहेस का भरून? आणि एकदा चारचौघांत म्हणाला होता, "तुझी बायको गेली म्हणून गल्लीला तहानेनं मारतोस का?" खोटं बोलायची मला सवय नाही. मी त्याला सांगितलं, पाणी साफ आलं.

तो म्हणाला, "मग वहिनी कशानं गेल्या? तुझ्या हातच्या भाजीनं?"

तो नेहमीसारखी थट्टा करून हसला. मी घरात येऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी गार्गीचा फोन. "आजोबा, एक विचारू? बाटलीत तुळशीचं पान कसं आलं?"

बाटल्या धुताना तिला तळाशी चिकटलेला तुकडा सापडला होता. तळ्याकाठी तुळस नाही. तुळस आमच्या दारात आहे. मी स्वयंपाकघरात गेलो. आक्का भाकरी थापत होती.

"आक्का, त्या रात्री पाण्याला हात लावलास?"

"लावला. चांगल्यासाठीच लावला." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मग माझ्याकडे वळली. "प्लास्टिकात पाणी रात्रभर? तूच म्हणालास बिघडता कामा नये. तांब्याच्या दोन कळशांत वेगवेगळं ओतलं, तुळशीचं पान घातलं, देवापाशी गार जागेत ठेवलं. पहाटे परत भरलं, एकाचं दुसऱ्यात जाऊ दिलं नाही. शालननं प्रयागहून आणलेलं गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत किती वर्षं होतं? शेवटी तेच तिच्या तोंडात घातलं ना आपण? वास आला होता का?"

नव्हता आला.

गार्गी संध्याकाळी घरी आली. आक्कानं तिला आधी लाडू दिला, मग उलटतपासणी घेतली. पोरगी लाडू खात म्हणाली, "आक्का, तांब्यात रात्रभर ठेवलं की जंतू मरतात. तुमचं बरोबर आहे. पण आम्हाला ते मेलेले नको होते ना. आम्हाला बिघडलेलं पाणी बिघडलेलंच पाहिजे होतं."

"बिघडलेलं जपायचं?"

"हो."

आक्कानं लाडवांच्या डब्याचं झाकण पुन्हा काढलं. "असलं शिक्षण मी ऐकलं नाही," ती म्हणाली, आणि दुसरा लाडू पुढे केला.

त्या रात्री मी अंथरुणावर पडलो आणि मला त्या रांगेनं पाया पडणाऱ्या बायका आठवल्या. आक्कानं पाण्याचं केलं तेच त्यांनी हिच्या मरणाचं केलं होतं. वाईट मनानं नव्हे. ते मरण त्यांना तसंच हातात धरवत नव्हतं, म्हणून चांगल्या भांड्यात ओतलं, वर तुळस घातली. सवाष्ण. भाग्याची. जिंकून गेली. माझ्यापर्यंत ते परत आलं तेव्हा त्यात काहीच उरलं नव्हतं, ना तिचं विव्हळणं, ना तो चादरीचा वास, ना तिनं शेवटी शेवटी मागितलेलं पाणी. पाणीच मागत होती ती. मी चमच्यानं पाजत होतो. मला ते साफ करून नको आहे. जसं झालं तसं माझ्यापाशी राहू दे. गार्गीचे ते शब्द मी तेव्हापासून माझ्यासाठी पण ठेवले.

आता पुन्हा भरायचं होतं. जाधवानं गल्लीत सांगून टाकलं होतं की रिपोर्ट साफ आहे, म्हातारा उगाच नाचतो. ते ऐकून माझा निश्चय आणखी घट्ट झाला. पितृपक्ष लागला होता. अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं करतात त्या दिवशी, मी तळ्यावर बसणारच होतो. ठरवलं की तिचं करायचं, तिथूनच बाटल्या भरायच्या, आणि घरी न येता थेट कॉलेज.

गुरुजी तरुण होते. दर्भ, तीळ, पिंड, सगळं मांडलं. पळीत तळ्याचं पाणी घेऊन म्हणाले, "आचमन करा."

मी म्हटलं, "हे मी पिणार नाही." पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढली.

"अहो, नदीचं, तळ्याचं, नैसर्गिक पाणी लागतं. उकळलेलं चालत नाही."

"गुरुजी, ज्या पाण्यानं ती गेली तेच पिऊन तिला तृप्त करू? तुम्ही प्याल हे?"

गुरुजींनी पळीकडे पाहिलं. एक हिरवा तंतू तिच्यात फिरत होता. त्यांनी पळी हळूच उपडी केली आणि माझ्या बाटलीकडे हात केला. "द्या," म्हणाले. "मलाही थोडं द्या."

हातावरून तीळ आणि पाणी सोडलं. तीळ तळ्यावर पसरले आणि मग लाटेनं मूर्तींच्या त्या कचऱ्यात गेले. मी धोतर खोचलं, मोजे घातले, शेवटच्या पायरीवर बसलो. आक्का छत्री धरून वर उभी होती. घरातून निघताना तिनं स्वतः बर्फ फोडून डब्यात भरला होता, आणि मला बजावत होती, "बोट लावू नकोस आत. हवा सोड थोडी. ती म्हणाली होती हवा सोडायची."

निकालाला या वेळी आक्काही आली. गार्गीनं बशी उजेडात धरली. साबुदाण्याची खिचडी सांडावी तशी ती गच्च भरली होती, ठिपक्याला ठिपका लागलेला, मधे रेघ ओढायला जागा नाही.

"किती?" मी विचारलं.

"मोजण्यापलीकडे. असंच लिहितात. आता याच पाण्याचा एक थेंब साफ पाण्यात घालायचा, त्यातला एक थेंब परत साफ पाण्यात. पतला करते जाना है, जब तक गिनती में आए."

तिनं पुढे केलं तेच. पातळ करत नेलं, मोजलं, लिहून दिलं. बावडीचंही तेच निघालं. मी त्या बशीकडे बघत होतो. इतके दिवस वाटत होतं, ते दिसलं की मी त्याला शिव्या घालीन. शिवी आली नाही. पांढरे, गोल, काही काही चमकणारे ठिपके. मी विचारलं, "यांनीच नेलं का तिला?"

गार्गीनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "आजोबा, ते मी नाही सांगू शकत. आज तळ्यात काय आहे तेवढंच हे सांगतं. त्या वर्षीचं पाणी कुणी ठेवलं नाही ना."

नाही ठेवलं. ठेवून राहतही नाही. आक्कानं न विचारता स्टूल पुढे सरकवलं. तिचं कशानं झालं ते मला कधीच कुणी लिहून देणार नाही. हे मान्य करायला मला पुढचा अख्खा हिवाळा लागला. पण रिपोर्ट साहेबाच्या टेबलावर ठेवला, आणि मोटरीवर कुलूप मात्र त्याच आठवड्यात पडलं. टँकर यायला लागला. बादल्यांच्या रांगेत मला लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. शिव्यांनी पोट बिघडत नाही.

उन्हाळ्यात टँकर बंद झाला. नळाचं पाणी वाढेल म्हणाले होते, वाढलं नाही, आणि एका सकाळी बावडीवरची मोटर पुन्हा घुरघुरायला लागली. कुलूप कुणी काढलं ते कुणी सांगत नाही. मी साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, "वो तो पिछले साल की रिपोर्ट है." हेही खोटं नव्हतं. म्हणून परवा तळ्याचा वास आला तसा मी पातेलं चढवलं आणि गार्गीला फोन केला. ती आता त्याच कॉलेजात नोकरीला आहे. म्हणाली, "भरा आजोबा, मी थांबते."

काल सकाळी बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन पायऱ्यांवर गेलो तर जाधव तिथं आधीच उभा. हातात स्टीलचा डबा. कुलपापासून आम्ही बोलत नव्हतो.

"हे घरच्या नळाचं आहे," तो म्हणाला. "तुझ्या त्या पोरीकडे देशील?"

"काय झालं?"

"काही नाही. नातीचं पोट जरा."

"जरा म्हणजे?"

"काल दुपारपासून. आता उलट्या पण. पाणी पिते आणि काढते."

"डॉक्टर काय म्हणाला?"

तो डब्याचं झाकण उघडझाप करत राहिला. "म्हटलं आधी पाण्याचं कळू दे. सून म्हणते बावडीचंच आहे, मी म्हणतो बाहेरचं काही खाल्लं असेल. एकदा रिपोर्ट आला की..."

मी बाटली खाली ठेवली. "जाधव, बशीत ठिपके यायला वेळ लागतो. पोरीला तेवढा वेळ नाही. कुठं आहे ती?"

"घरात. झोपलीय."

"झोपली नाही ती. चल."

ती खरोखर झोपलेली नव्हती. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. ते मी आधी पाहिलेलं आहे. मी कुणाला काही समजावत बसलो नाही. तिला उचललं, माझ्या वयाला ती जड होती, पण उचललं, आणि गल्लीच्या तोंडाशी जी रिक्षा होती तिच्यात बसलो. सून चपला न घालता मागून धावत आली. जाधव पुढे बसला आणि वाटभर रिक्षावाल्याला एवढंच म्हणत होता, "भैया, जल्दी. भैया, जल्दी."

दुपारी सलाईनची दुसरी बाटली लागली तेव्हा पोरीनं डोळे नीट उघडले आणि आईकडे बिस्किट मागितलं. डॉक्टरीण म्हणाली, बिस्किट अजून नाही, आणि मग सुनेला विचारलं, "पानी उबालकर पिलाते हो?" सून माझ्याकडे बघायला लागली.

जाधव बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. खिशातून मोटरीची किल्ली काढून त्यानं आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवली.

"तुझ्या बाटल्या घाटावरच राहिल्या," तो म्हणाला. "बर्फ वितळला असेल."

"वितळू दे. तळं कुठं पळून जातंय? उद्या भरू."

"मी येऊ?"

"ये. शेवाळ आहे, वहाणा काढून उतर. आणि झाकणाला आतून हात लावायचा नाही."